जनावरांच्या नावाची नाचणी

“यंदा जनावरांना जेवायला बोलवायचं,” असं साहेब म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या बंगल्यात पोळ्या लाटत होते. मला आधी वाटलं, शनिवारच्या पाहुण्यांबद्दलच चाललंय. ते येतात, रात्रभर छाती धडधडेल अशी गाणी लावतात, सकाळी अकराला उठून पोहे मागतात आणि रिकाम्या बाटल्या दरीत भिरकावून मुंबईला परत जातात. मनातल्या मनात मी त्यांना दुसरं काही म्हणत नाही. पण साहेब खऱ्याखुऱ्या जनावरांबद्दल बोलत होते. भेकर, ससा, मोर, रानडुक्कर. मी लाटणं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघतच राहिले.

आता लोणावळ्याजवळच्या आमच्या कुरवंड्यात जनावरांचं कौतुक कुणाला सांगता? इथल्या माणसाचा निम्मा जन्म पेरण्यात जातो आणि उरलेला निम्मा पेरलेलं राखण्यात. वानरं पडवळाचा वेल मुळासकट ओढून नेतात, मोर नुकता रुजलेला दाणा वेचतात, आणि डुकरं काय करतात ते तर विचारूच नका. साहेबांनी मात्र कुठल्याशा परदेशात पाहिलं होतं म्हणे, की तिथले जमीनवाले हरणांसाठी मुद्दाम वेगळं शेत करतात. बी टाकतात, खत टाकतात आणि गॅलरीत कॉफी घेऊन बसतात. हरणं येतात, खातात, यांचे फोटो निघतात. कापणी नाही, मळणी नाही, पोती वाहायची भानगड नाही. साहेबांना हा प्रकार फार भावला. बंगल्याच्या गॅलरीतून बरोबर खाली दिसतो तो तुकडा त्यांनी त्यासाठी ठरवला.

तो तुकडा आमचा. म्हणजे आमचा होता. डोंगरावरचे सगळेच विकत होते तेव्हा माझ्या सासऱ्यांनीही विकला. दोन बंगल्यांच्या मधे एकटं शेत धरून बसणार किती दिवस? त्यातून घरावर मजला चढला, नवऱ्याची पर्यटकांना फिरवायची जीप आली, मी तक्रार करत नाही. पण सासऱ्यांचं, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांचं काहीतरी बिनसलं ते बिनसलंच. जेवायचे, झोपायचे, पण दिवसाला काही आगापिछा राहिला नाही. टीव्हीवरच्या हवामान सांगणाऱ्या बाईशी भांडायला लागले. ती पाऊस सांगायची आणि आबा तिला म्हणायचे, गप बस, तुला काय ठावं. दिवसभर ऐकून माझं डोकं उठायचं.

साहेबांच्या मॅडमना त्या तुकड्यात हिरवळ हवी होती. लॉन म्हणतात ते. गुबगुबीत, मखमली, मधे छत्री आणि खुर्च्या. साहेबांना भेकरं हवी होती. दोघांची जुंपली ती माझ्यासमोरच, मी चहा देत असताना, कारण बंगल्यात काम करणाऱ्या बाईला कान असतात हे त्यांच्या लक्षात राहत नाही. शेवटी तह झाला. या वर्षी जनावरांचं शेत. दिवाळीला पाहुणे येतील तोवर जनावरं येऊन खायला लागली, तर दरवर्षी तिथं शेतच होईल आणि ते सांभाळायला आबा. नाही आली, तर हिरवळ.

घरी येऊन मी हे आबांना सांगितलं. थोड्या वेळानं उठले, माळ्यावरून विळे-खुरपी काढली आणि अंगणात बसून घासायला लागले. टीव्ही चालू होता, त्यातली बाई कोकणात मुसळधार म्हणत होती आणि आबांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. मी तिथंच ठरवलं, काय वाटेल ते होवो, जनावरं आली पाहिजेत. जन्मात कधी नव्हे ते मी देवापुढे दिवा लावून डुकरं मागितली.

पण पहिला मान आबांना थोडाच मिळणार? साहेबांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. तरुण माणूस, पॅन्टीला गुडघ्यापर्यंत खिसे, आणि एवढ्या खिशांत बिचाऱ्याकडे नाक पुसायला रुमाल नव्हता, तो माझ्याकडे मागितला. नांगरायचं नाही, म्हणाला, मातीला इजा होते. राब भाजायचा नाही, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळायचा नाही, हवेला इजा होते. बी त्यानं स्वतः आणलं होतं, चकचकीत पाकिटात. पाकिटावर झाडाच्या फांद्यांएवढी शिंगं असलेलं हरीण होतं. आमचं भेकर शेळीएवढं, त्याचं कसं व्हायचं या फराळावर, असं मी विचारलं तर तो म्हणाला की चव सगळ्यांची सारखीच असते. उचलली जीभ लावली टाळ्याला!

त्याच्याकडे पेरायचं एक यंत्र होतं. गळ्यात अडकवायची पिशवी, तिच्या बुडाशी एक चकती आणि बाजूला दांडा. दांडा फिरवला की चकती गरगर फिरते आणि पिशवीतलं बी चहूकडे उडतं. साहेबांनी आधी ते गॅलरीत फिरवून पाहिलं, लहान मुलानं भिंगरी फिरवावी तसं, आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरीत दाणेच दाणे झाले. मग सल्लागारानं डोकं चालवलं. आधी बी फेकायचं, मग पुन्हा खत फेकायचं, हे दोनदा हिंडणं कशाला? त्यानं बी आणि युरिया एकाच पिशवीत कालवला.

लोणावळ्याच्या हवेत जूनमध्ये पापडसुद्धा मऊ पडतो. तिथं युरिया! पहिल्या चार फेऱ्यांतच पिशवीत लगदा झाला. तो बिचारा थांबून पिशवीला चापट्या मारायचा, पुढे चालायचा, पुन्हा थांबायचा. त्यात त्याचा फोन वाजत होता. फोन आला की पाय थांबायचे, पण हात दांडा फिरवतच राहायचा. आबा आमच्या ओट्यावर बसून हे सगळं पाहत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. तोंडाला उपरणं लावून खुदुखुदू हसत होते. घरात हसू ऐकू आलं त्याला फार दिवस झाले होते, म्हणून मीही त्यांना उठवलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी शेत उगवलं ते बघण्यासारखं होतं. खताचे जड दाणे लांब उडाले होते, ते पडले बांधावर. तिथलं गवत असं माजलं की त्यात म्हैस बसली तर शोधावी लागली असती. हलकं बी पडलं सल्लागाराच्या पायाशी. त्यामुळे तो जिथून चालला तिथं हिरवी पट्टी, बाकी सगळा चिखल. आणि जिथं जिथं उभा राहून फोनवर बोलला तिथं दाट झुबके. गॅलरीत उभं राहिलं की कुठं त्याचा थोडक्यात आटोपलेला फोन आणि कुठं लांबलेला, हे वरून स्वच्छ कळायचं. मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सल्लागारानं कळवलं की निसर्गाला वेळ द्यावा लागतो, आणि मग साहेबांचे फोन घेणं बंद केलं.

साहेब उतरलेल्या तोंडानं आमच्या दारात आले. आबाजी, तुम्हीच करा, म्हणाले. आबांनी आधी भाव खाल्ला. गुडघे दुखतात, डोळ्यांना दिसत नाही, आता कुठं होतंय माझ्यानं, असं सगळं म्हणून झालं. साहेब खरंच परत निघाले तेव्हा मात्र घाईघाईनं म्हणाले, बगू, उगडीप पडू द्या.

मग आमच्या घरात जी धामधूम सुरू झाली ती विचारू नका. शेजाऱ्याचं नांगरायचं यंत्र आलं. नात्यातल्या एकाकडून नाचणीचं बी आलं, कडेनं टाकायला उडीद आला. नाचणीचा दाणा राईएवढा, नुसता मुठीत धरला तर एका जागी पडतो, म्हणून त्यात कोरडी माती मिसळायची. ती पाटी धरायला मी. आबा पुढे, मी मागे, आणि सगळा वेळ माझा उद्धार. पाटी खाली धर, वारं बघ, पाय कुटं टाकतेस. बाई गं, लग्न होऊन आले तेव्हासुद्धा एवढा जाच नव्हता. मॅडम छत्री घेऊन व्हिडिओ काढायला आल्या. त्यांना ‘मिलेट’ हा शब्द कुठून तरी सापडला होता आणि त्यामुळे त्यांचं मन जरा वळलं होतं. आबांना म्हणाल्या, पुन्हा एकदा मूठ फेका, पण सावकाश. आबांनी फेकली, पुन्हा, पुन्हा. मी जवळ होते म्हणून मला दिसलं, मूठ रिकामी होती. कॅमेऱ्यासाठी बी वाया घालवायला ते तयार नव्हते.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण साहेबांनी लोणावळ्याच्या बाजारातून खताची पोती आणून टाकली, कुणाला न विचारता, आणि तिथं आमचे आबाही घसरले. जन्मभर ह्या माणसानं पिकाला खत चिमटीनं दिलं, कारण पोतं घरच्या पैशाचं. आता साहेबांचं. फुकट ते पौष्टिक! खुरपणी झाली, पीक जरा उभं राहिलं आणि आबा रोज सकाळी पसा भरभरून निघाले. मी म्हटलं, आबा, पुरे. तर म्हणाले, घाल गं, त्यांचं काय जातंय. नाचणी काळीभोर झाली, पानं हाताएवढी रुंद, कमरेच्या वर गेली आणि भाद्रपदातल्या एका वाऱ्यानं निम्मी आडवी झाली. मग आबा सुतळी घेऊन शेतात. एकेक झुबका उचलून बांधायचा, आधाराला काठी लावायची. मी विचारलं, अहो, जनावरांनीच खायचं आहे ना, मग ते उभं असलं काय आणि लोळलं काय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं काठ्या आणायला गेले.

कणसं भरत आली. त्यांच्या मुठी वळायला लागल्या, वरून तांबूस झाक आली. खरं सांगते, त्या डोंगरावर कित्येक वर्षांत तसं पीक कुणी पाहिलं नव्हतं. गावातली माणसं मुद्दाम वाकडी वाट करून बघायला यायची आणि आबा बांधावर पाहुण्यांच्या स्वागताला असल्यासारखे उभे असायचे. टीव्हीवरची बाई एकटीच पाऊस सांगत राहायची.

आणि जनावर एक येईना.

पहिले पाहुणे आले ते पर्यटकच. रविवारी चार पोरं-पोरी कड्याकडे निघालेली, त्यांना हिरवं शेत दिसलं, शिरली आत, आणि नाचणी कवेत घेऊन फोटो सुरू. आबा गोफण घेऊन धावले. साहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर केलंत, माणसांना येऊ द्यायचं नाही, फक्त जनावरांना. आबांनी मान डोलावली. पण मला तेव्हाच त्यांच्या मान डोलावण्यात काहीतरी खोट वाटली.

साहेबांनी शेताच्या कडेच्या जांभळाला एक कॅमेरा बांधला होता. समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढतो आणि फोटो मुंबईला साहेबांच्या मोबाइलवर जातो. एक दिवस साहेबांचा मला फोन आला. आवाज असा, की हसावं की रागवावं ते त्यांनाच ठरत नव्हतं. म्हणाले, “ताई, भेकराचा एक फोटो नाही, डुकराचा नाही. सगळे फोटो आबांचे आहेत.” त्यांनी मला ते पाठवले. आबा पहाटे गोफण फिरवतायत. आबा पत्र्याचा डबा बडवतायत. आबा कुणाला तरी शिव्या देतायत, तोंड केवढं उघडलेलं. एका फोटोत तर ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, हे काय लटकलंय म्हणून आत बघत होते, नुसतं नाक. साहेबांनी लाखमोलाचा कॅमेरा लावला आणि त्यात सापडला माझा सासरा.

मी तरातरा शेतावर गेले. एवढ्यात लांबूनच पाहिलं होतं, आज कडेनं फिरले. जंगलाच्या बाजूला खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना साड्या गुंडाळलेल्या, एकीला एक बांधून, पार ओढ्यापर्यंत. रंगीत कापड फडफडलं की डुक्कर बिचकतं, आमच्याकडे सगळेच लावतात. पण साड्या माझ्या! ट्रंकेतल्या! मधली एक माझ्या भावाच्या लग्नातली. बांधावर जागोजागी केसांचे पुंजके टाकलेले. गावातल्या केस कापणाऱ्याकडून आबा पिशवी भरून आणत होते, कारण माणसाच्या केसांच्या वासाला डुक्कर जवळ येत नाही. आणि मधोमध बुजगावणं. त्याच्या अंगात सल्लागार घाईत विसरून गेलेलं जाकीट, ते बिनखिशाचं नव्हतंच.

मी डोक्याला हात लावला. कुंपणानं शेत खाल्ल्याचं ऐकलं होतं, पण इथं शेत वाचवायचं असेल तर ते खाल्लं जायला हवं होतं, आणि कुंपण काही कुणाला खाऊ देत नव्हतं. आबा बांधावर बसले होते. मी इतकी चिडले होते की साडीचा पदर खोचूनच उभी राहिले.

“आबा, जनावर आलं न्हाई तर हे शेत जाणार. ठावं हाय ना तुमाला?”

“ठावं हाय.”

“मग ह्ये काय मांडलंय?”

त्यांनी हातातली गोफण मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “रोज ठरवून येतो, की आज गप बसायचं. पन कणसाला त्वांड लागलं की हात उठतो, पोरी. मी न्हाई उठवत.”

जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्या माणसानं चालायला लागल्यापासून एकच काम केलं होतं, पाखरं हाक, वानरं हाक, डुकरं हाक. आता ह्या वयात त्याला सांगायचं, की हाकलू नको, बोलव. पालथ्या घड्यावर पाणी.

उपाय एकच होता. दिवाळी तोंडावर आली होती. आंबी गावात माझी नणंद दिली आहे, तिला मी फोन केला आणि सांगितलं की भातकापणीला माणूस हवं म्हणून आबांना बोलवून घ्या. आंबीत आता भात उरलंय कुठं, चहूकडे कंपन्यांच्या भिंती आणि मधे तिचं एवढंसं खाचर. ते कापायला तिचा एक मुलगा पुरला असता. आबांना हे कळत नव्हतं असं नाही. ऐकून घेतलं, बरं म्हणाले. आदल्या संध्याकाळी ते शेतावर गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. हातात माझ्या साड्या होत्या, सगळ्या सोडून, घड्या घालून आणलेल्या. ओट्यावर ठेवल्या आणि आत जाऊन झोपले. बुजगावणंही पाडलं होतं. केसांचे पुंजकेसुद्धा वेचले होते.

सकाळी नवऱ्यानं त्यांना जीपमधून आंबीला सोडलं.

त्याच्या दुसऱ्याच रात्री डुकरं आली. मला झोपेत काही कळलं नाही, सकाळी बंगल्यावर जाताना पाहिलं. कुणाला वाटेल, डुक्कर येतं आणि कणसं खुडून खातं. छे! डुक्कर खातं मूठभर आणि नासतं खंडीभर. सगळ्या शेतात मुसंडी मारून उकरलं होतं, ताटं मुळासकट उलटी, सुतळीनं बांधलेले झुबके चिखलात रेटलेले. आबांच्या काठ्या तेवढ्या मधूनमधून उभ्या होत्या, त्यांना टेकलेलं काही नव्हतं. मी देवापुढे मागितलं होतं आणि देवानं एवढ्या तातडीनं माझं ह्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

साहेबांना मुंबईत आनंदाचं भरतं आलं. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. दिवाळीला पाहुणे जमले तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर त्यांनी ते लावलं. अंधारात पांढुरके डोळे, मग एक पाठ, मग बराच वेळ नुसता एका डुकराचा मागचा भाग. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, हे चावतं का? मॅडमनी नाचणीच्या वड्या फिरवल्या, पुण्याच्या दुकानातून आणलेल्या, आणि सांगितलं की आमच्याच शेतातली. गॅलरीतून खाली बघणाऱ्यांना मात्र काही समजेना, शेत नेमकं कुठलं ते. साहेबांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, आबांना बोलवा, आपलं ठरलं तसं, शेत राहणार. मॅडमसुद्धा हो म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी तिथंच ओट्याला टेकून नवऱ्याला फोन केला, आबांना घेऊन या म्हटलं. जिंकलो होतो आम्ही. म्हाताऱ्याला शेत मिळालं, अजून चार-पाच वर्षं तरी घरात खुरप्यांचा आवाज येत राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेताची काय दशा झाली आहे ते त्यांना आधी सांगावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. डुकरांनी खाल्लेलं शेत त्यांना काय नवीन होतं?

आबा दुपारी आले. साहेब त्यांना हात धरून खाली घेऊन गेले, मागून मॅडम, चार पाहुणे आणि मी. आबा कडेला उभे राहिले. एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. वाकून एक तुटलेलं कणीस उचललं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली. दाणे पक्के भरलेले होते. ते त्यांनी तोंडात टाकले नाहीत की खिशात टाकले नाहीत, तसेच मुठीत धरले. एक पाहुणा फोटो काढत होता. साहेब म्हणाले, आबाजी, अभिनंदन, पुढच्या वर्षी ह्याहून मोठं करू, खत पाहिजे तेवढं आणतो.

आबा साहेबांकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, “साहेब, चोरून खाल्लं तर मानूस शिव्या देतो आन् फुडच्या साली पुन्हा पेरतो. लय येळा पेरलंय तसं. पन नासायसाठीच पेरायचं, ते माज्या हातानं व्हायचं न्हाई. तुमी हितं हिरवळ लावा.”

साहेबांना आबांचं बोलणं निम्मंच कळतं. त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतायत?

एरवी माझी जीभ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मला सहज सांगता आलं असतं, की आबा हो म्हणतायत, आनंद झालाय त्यांना. म्हातारा रागात आहे, उतरेल चार दिवसांत, असं माझं मन मला सांगत होतं. आणि मला त्यांचा संताप आला होता, खरंच आला होता. एवढा खटाटोप केला, साड्या विटल्या, नवस बोलले, हातात आलेलं शेत हा माणूस परत देतोय! पण त्यांनी मूठ उघडली आणि ते दाणे बांधावर पाखरांसाठी सोडावेत तसे अलगद टाकले, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, ते म्हणतायत, लॉन लावा.

मॅडमनी लगेच माणसं बोलावली. हिरवळ गुंडाळ्या करून ट्रकमधून येते, सतरंजीसारखी पसरतात, संध्याकाळपर्यंत झालंसुद्धा. त्यावर खत टाकायला एक माणूस महिन्यातून एकदा येतो आणि त्याच्या गळ्यात तसंच चकतीचं यंत्र असतं. तिथं काही उगवायचं नाही, त्यामुळे ते बरोबर चालतं.

आबा आता टीव्हीही लावत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, तिला बोलू दे. परवा मी बंगल्यावर येताना डबा घरी विसरले होते, तो द्यायला ते आले. जन्मभर ह्या माणसानं कुठल्याही शेतात पाऊल टाकताना चपला बांधावर काढून ठेवल्या, शेत आपलं असो की परक्याचं, पीक असो की नुसती ढेकळं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. जवळचा रस्ता म्हणून ते सरळ हिरवळीवरून चालत आले, आणि पायात चपला होत्या.